एका आडनावाची खोली

३ ऑक्टोबर, पहिलं शहर, संध्याकाळ

मायना काय लिहावा तेच सुचत नाही. 'सौ.' लिहायची सोय राहिली नाही, 'चि.' लिहावं तर तुझे केस माझ्यापेक्षा पांढरे, आणि 'स. न. वि. वि.' मी फक्त वीज कंपनीला लिहिते. तेव्हा बिनमायन्याचंच चालवून घे.

मी तुझ्याशी बोलणार नाही, हे तुला ठाऊक आहे. तसा ह्यांना शब्द दिलाय. लिहिणार नाही असा शब्द मात्र दिलेला नाही. आणि एका खोलीत दोन जावांना सगळी सहल काढायची तर काही गोष्टी कळवाव्याच लागतात. म्हणून हा कागद तुझ्या चहाच्या कपाखाली ठेवतेय.

पहिली गोष्ट, हा उद्योग माझा नाही. विमानतळावर तुला बघितलं तेव्हा मलाही घाम फुटला होता. मुलाने आणि सुनेने तिकीट हातात ठेवलं, 'आई, जरा बाहेर पड' म्हणाले, मी पडले. तू याच सहलीला येतेयस हे मला कुठून कळणार? मघाशी किल्ल्या वाटताना ती टूरवाली, जी दिवसभर छत्री उंच धरून पुढे चालते ती, काय खुशीत म्हणाली ते ऐकलंस ना? "तुम्ही दोघी एकट्या, आडनाव एकच, म्हटलं एकाच घरच्या असणार! मुद्दाम एका खोलीत टाकलंय हं." वर पेढे मागायचीच बाकी होती. मी गप्प बसले, तूही बसलीस. सगळी बस समोर उभी, परक्या देशात घरची लक्तरं वेशीवर कशाला टांगायची?

तर आता खोलीचे नियम. खिडकीजवळचा पलंग तू घेतलास, घे. खिडकी मात्र बंद ठेव, माझी पाठ धरते. आंघोळ तू आधी कर, मला वेळ लागतो. फोनवर बोलायचं तर बाहेर जाऊन बोल.

शहराबद्दल काय लिहू, तूही तेच बघितलंस. एका राजाने वेस बांधली, दुसऱ्याने पाडली, तिसऱ्याने परत बांधली आणि आपण तिकीट काढून बघितली. दगडी रस्त्यांनी माझ्या पायांचा भुगा झाला. चौकात ती पिठाची तळलेली, साखर भुरभुरलेली कांडी कागदाच्या पुड्यात मिळत होती, तिच्यासाठी तू दोनदा रांगेत उभी राहिलीस. बोटं चाटलीस, भर चौकात. मी बाकावर बसून घरून आणलेला पुडा सोडला. आपलं आपल्याला बरं.

तुझी थोरली जाऊ (हे नुसतं ओळखीपुरतं)


५ ऑक्टोबर, दुसरं शहर, दुपार

तुझी चिठ्ठी मिळाली. "खिडकी बोटभर उघडू का? आणि वहिनी, तुम्ही घोरता." एवढ्या वर्षांनी तुझं पहिलं वाक्य आलं ते हे. बोटभर उघड. घोरण्याचं म्हणशील तर ते आमच्या घराण्यात नाही, दमणुकीने होत असेल.

आणि दमणूक आहेच. आज घंटेच्या मनोऱ्याखाली बसले होते तेव्हा वाटलं, इथून कोणी उचलून नेलं तरच उठेन. चालण्याने एवढं होत नाही गं. जेवायच्या टेबलावर कोपर लागणार नाही असं बसायचं, बसमध्ये तू कुठे बसतेस ते बघून दुसरीकडे बसायचं, लिफ्टमध्ये आकड्यांकडे बघत राहायचं. अबोला धरणं हे अंगमेहनतीचं काम आहे. तरुणपणी धरावा, साठीनंतर झेपत नाही.

तू वर चढलीस. मनोऱ्याच्या कठड्यावरून हात हलवलास तो मी बघितला. मी हलवला नाही, पिशवीचा बंद नीट करत होते. शेजारी आपल्या बसमधल्या त्या बँकवाल्यांची बायको बसली होती. ती म्हणाली, "अहो, तुमच्या जाऊबाई हात करतायत." मी म्हटलं, "मला लांबचं दिसत नाही." आता उरलेली सहल माझी नजर अधू, हे लक्षात ठेव. उगाच मला खोटं पाडू नकोस.

काल माझ्या उशाशी कागदात गुंडाळून तो मऊ, पांढरा, वरून भाजलेला तुकडा ठेवला होतास. टाकून कसा द्यायचा म्हणून खाल्ला. बरा होता. बरा म्हणजे, खरं सांगायचं तर, फारच छान होता, आणि संपल्यावर कागदाला लागलेलंही मी चमच्याने काढून खाल्लं. पण पुन्हा ठेवू नकोस. मला सवय लागेल.

दुसरं असं की, तू फोनवर बोलायला बाल्कनीत जातेस खरी, पण बाल्कनीचं दार लागत नाही. मी जन्मभर टेलिफोन ऑफिसात दुसऱ्यांचे फोन जोडून दिले. कान मिटून घ्यायचं तंत्र तेव्हा येत होतं, आता राहिलं नाही. तुझ्या शाळेतले ते भूमितीचे मास्तर ना? रोज सकाळी फोन करतात आणि रोज एकच विचारतात, "काल काय काय खाल्लंस?" मग तू सांगत बसतेस. कुठल्या गल्लीत, कसल्या कागदात, वरून काय होतं, आतून काय निघालं. तेही पलीकडून नीट ऐकतात, मधेच शंका विचारतात.

मला नवरा होता तोवर घरात रोज प्रश्न यायचा, "आज जेवायला काय आहे?" 'तू काय खाल्लंस' हे एकदाही कोणी विचारलं नाही. ह्यांची तक्रार करत नाही. माणूस चांगला होता, घर नीट चालवलं. पण हा प्रश्न वेगळा आहे, एवढंच म्हणते.

थोरली


८ ऑक्टोबर, तिसरं शहर, संध्याकाळ

आज दुपारचं ते बोलणं धरायचं नाही. ते ओरडणं होतं.

झालं ते झालं. ते जुनं खानावळीसारखं दुकान, बुटक्या छताचं, सगळ्या भिंती धुराने काळ्या. आणि तिथला नियम काय, तर मातीचं भांडं एकच, ते दोघांत. एकट्याला मिळत नाही. सगळी जोडपी जोडीने बसली. छत्रीवालीने आपल्या दोघींना कोपऱ्यातल्या टेबलावर नेऊन बसवलं आणि "घरच्या घरी!" असं म्हणून निघून गेली. त्या बाईला एकदा माझ्याकडून ऐकून घ्यावं लागणार आहे.

भांडं आलं. वर भाजलेला जाड थर, खाली बटाट्याचं काहीतरी रटरटत होतं. तू चमचा बुडवून थेट तोंडाकडे नेलास. तुला कधीच धीर नव्हता. नवीन लग्न होऊन आलीस तेव्हा चुलीवरचंच खायला जायचीस. माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं, गरम आहे! फुंक!"

तू फुंकलंस. मग दोघी खाली मान घालून खात राहिलो. मध्ये रेघ मारल्यासारखी मी माझ्या बाजूचं खाल्लं, तू तुझ्या. शेवटी तळाला खरवड उरली. तू चमच्याच्या टोकाने ती सगळी सोडवून माझ्या बाजूला सरकवलीस. आपण दोघी घरातल्या सगळ्यांची जेवणं झाल्यावर स्वयंपाकघरात भांड्याभोवती बसायचो, खरवडीवरून भांडायचो आणि सासूबाईंची चाहूल लागली की भांडं पदराखाली घ्यायचो. मला खरवड आवडते हे जगात आता तुलाच माहीत आहे. माझ्या मुलांनाही माहीत नाही. त्यांना वाटतं, आईला काहीही चालतं.

हे सगळं मी गोड गोड लिहितेय, पण एक गोष्ट तुझ्यापासून लपवून ठेवली आहे, ती आता सांगून टाकते. पहिल्या रात्रीपासून मला तुझ्या मुलाचे फोन येतायत. आपण एका खोलीत आहोत हे त्याला तूच सांगितलंस म्हणे. तेव्हापासून त्याच्या अंगात आलंय. "काकू, देवानेच योग आणलाय. आई त्या मास्तरांशी लग्न करायचं म्हणते. या वयात! तुम्ही मोठ्या आहात, तुम्ही समजवा." मी त्याला म्हटलं, आमचं बोलणं नाही. तर म्हणाला, "म्हणूनच. तुम्ही बोललात तर ती ऐकेल. आणि मी तिला सांगून ठेवलंय, काकू हो म्हणाल्या तर मी लग्नाला येईन, नाहीतर मला आई नाही."

पोरगा हुशार आहे. मी हो म्हणणार नाही याची खात्री होती म्हणूनच तो तसं बोलला.

आणि खरं सांगू? पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाही राग आला. काय ही थेरं, असंच मनात आलं. मग तुझे सकाळचे फोन ऐकले आणि राग गेला, पण त्याच्या जागी जे आलं ते रागाहून वाईट होतं. मला तुझा हेवा वाटला. सत्तरीला टेकलेल्या बाईला हेवा वाटावा आणि तोही कशाचा, तर कोणीतरी 'काय खाल्लंस' विचारतं याचा.

त्याला मी अजून काही सांगितलेलं नाही. पाय सुजलेत, उद्या बोलू, असं म्हणून ठेवून देते.

थोरली


११ ऑक्टोबर, चौथं शहर, दुपार

तू सकाळपासून माझ्याकडे बघितलं नाहीस ते बरोबरच आहे. तू बघितलं असतंस तर मी कुठे बघितलं असतं?

मला सांगू दे कसं झालं ते. सकाळी बस त्या नदीकाठच्या राजवाड्याकडे निघाली, तू मागे बसून फोनवर हसत होतीस. बँकवाल्यांची बायको माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "तुमच्या जाऊबाईंना रोज कोणाचा हो फोन येतो? विधवा ना त्या?" ते 'विधवा ना त्या' तिने ज्या सुरात म्हटलं ना, तो सूर मला ओळखीचा आहे. मीही तिच्याच जातीची, घरी मीही तो लावलेला आहे. पण परक्या बाईच्या तोंडी तो ऐकला आणि माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "मास्तरांचा फोन. लग्न ठरलंय तिचं."

ठरलंय! मी कोण ठरवणार? पण शब्द गेला तो गेला. राजवाडा यायच्या आत सगळ्या बसला कळलं. छत्रीवालीने माइकवरून अभिनंदन केलं. बँकवाले स्वतः उठून तुझ्याशी हस्तांदोलन करायला मागे गेले, ड्रायव्हरने काही न कळता हॉर्न वाजवला. राजवाड्याबाहेरच्या दुकानात सगळ्यांनी मिळून तुला ती मधाची, बदाम लावलेली मोठी चकती घेऊन दिली. तू ती दोन्ही हातांत धरून उभी होतीस आणि तुझा चेहरा पांढराफटक पडला होता. मी खांबाआड गेले.

राजवाड्यात काय होतं ते मला विचारू नकोस. आरसे होते एवढं आठवतं, आणि प्रत्येक आरशात मी दमलेली दिसत होते.

खोलीवर आल्यावर तू चिठ्ठी ठेवलीस, "वहिनी, थट्टा केलीत का?" आणि अर्धी चकती. थट्टा करणाऱ्याला कोणी अर्धी चकती देतं का गं?

थट्टा नव्हती. पण तुला 'ठरलंय' म्हणायच्या आधी मला एक माणूस आडवा येतो, तो कोण ते तुला माहीत आहे. भावोजी गेले तेव्हा ह्यांनी तुला आणि लेकराला आपल्याकडे राहायला बोलावलं. मागची खोली रंगवून घेतली. तू नको म्हणालीस, शाळेच्या ऑफिसात नोकरी धरलीस, दोन खोल्या भाड्याने घेतल्यास. तुला वाटलं, स्वतःच्या पायावर उभी राहिले. ह्यांना वाटलं, भावाच्या बायकोने आपलं छप्पर नाकारलं. दवाखान्यात शेवटच्या आजारात एका दुपारी मी मोसंबी सोलत होते, तर म्हणाले, "तिच्याशी बोलू नकोस. माझ्यानंतरही नको." मी म्हटलं, बरं. आजारी माणसाला माणूस बरंच म्हणतो. मला वाटलं, फोड खातील आणि विसरतील. ते विसरले नाहीत, आणि आता सुटका करणार कोण? रुसलेला माणूस निघून गेला आणि त्याचा रुसवा मी दूध नासू नये म्हणून तापवावं तसा रोज तापवून ठेवते आहे.

थकले गं मी. या चार शहरांनी नाही थकले. दिवाळीत तुझ्या दारावरून रिक्षा नेताना मान दुसरीकडे करायची, पोराच्या मुंजीत, नातवाच्या बारशात तू कुठल्या रांगेत आहेस ते बघून जेवायला बसायचं, याने थकले. आणि इतकी वर्षं मला कोणी म्हटलं नाही की बाई, ठेव ते ओझं खाली. मी शहाणी असते तर माझी मीच ठेवलं असतं.

आता थोडी पडते. तू चकती संपव, मुंग्या येतील.

थोरली


१३ ऑक्टोबर, शेवटचं शहर, सकाळ

तू आंघोळीला गेली आहेस. आज आंघोळीला तुला वेळ लागतोय. केस धुतेस वाटतं.

तू अजून झोपेत होतीस तेव्हा मी खाली हॉटेलच्या अंगणात गेले होते. तुझ्या मुलाला फोन लावला. इथे पहाट म्हणजे तिकडे तो ऑफिसात. जे बोलणं झालं ते तसंच्या तसं लिहिते.

तो म्हणाला, "काकू, समजावलंत का?"

मी म्हटलं, "समजावलं. मला स्वतःलाच समजवायला वेळ लागला. माझा होकार आहे."

तो म्हणाला, "काकू, लोक काय म्हणतील?"

"लोकांना जेवायला बोलाव. तोंडात घास असला की कोणी फार बोलत नाही."

"काकांना चाललं असतं का हे?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं, आणि मी त्याला खोटं सांगणार नव्हते. म्हटलं, "नसतं चाललं. त्यांनी थयथयाट केला असता. पण त्यांच्या वतीने मी पुष्कळ गप्प बसले रे. आता माझ्या वतीने बोलते. तू शब्द दिला होतास, काकू हो म्हणाल्या तर येईन. मी हो म्हणाले. शब्द पाळायचं आपल्या घरात काय ओझं असतं ते मला ठाऊक आहे, म्हणून तुला दमात घेत नाही. पण ये."

तो रडवेल्या आवाजात म्हणाला, "आई तिकडे नीट खातेय ना?" मी म्हटलं, "नीट? तुझी आई चार शहरं खाऊन बसली आहे." तेव्हा कुठे हसला.

फोन ठेवता ठेवता मात्र त्याने मला पकडलंच. म्हणाला, "पण काकू, तुम्ही कुठल्या नात्याने उभ्या राहणार? तुम्ही तिच्या सासरच्या. सासरच्या माणसांनी सुनेला दुसऱ्या घरी पाठवायचं, असं कुठे असतं का?"

म्हटलं, कळवते, आणि फोन ठेवला. अंगणातल्या लोखंडी खुर्चीवर बसून राहिले. समोरच्या भट्टीतून पावाचा वास येत होता, एक बाई दुकानाची पायरी धुत होती. या शहरातही जुनं काहीतरी प्रसिद्ध आहे, न्याहारीनंतर छत्रीमागून बघायला जायचंच आहे. मी तुझ्यासाठी पाव घेऊन आले, दोन. एक वाटेत माझ्या हातून संपला.

जिना चढताना उत्तर सुचलं. तुझे आईवडील तर कधीच गेले, भाऊ तुला नव्हताच. तू लग्न होऊन आलीस तेव्हा पहिल्या सणाला तुला न्यायला कोणी आलं नाही आणि तू न्हाणीघरात तोंड धुण्याच्या निमित्ताने रडत होतीस. तेव्हा मी दारावर थाप मारून म्हटलं होतं, 'बाहेर ये, तुला कोणी न्यायला आलं नाही म्हणून काय झालं.' पुढे काय म्हणायचं ते मला तेव्हा येत नव्हतं. आता येतं.

मी तुझ्या माहेरची म्हणून उभी राहीन. लग्नाच्या दिवशी तू माझ्या घरून निघायचं. ती मागची खोली आहे ना, ती तुझ्यासाठी रंगवली होती म्हणून कोणी वापरतच नाही. तिथून निघायचं. आणि मास्तरांशी पटलं नाही, किंवा पटलं तरी कंटाळा आला, की तिथेच परत यायचं, चार दिवस, आठ दिवस, पाहिजे तेवढे. लेक येते तशी. ह्यांना वर गेल्यावर काय सांगायचं ते माझं मी बघेन.

नळ बंद झाला. हे पत्र तुझ्या कपाखाली ठेवायला मला आता धीर नाही. तू दार उघडलंस की तोंडानेच सांगते.